दोन बोटं माया

महाराष्ट्रात तळेगाव नावाची गावं पुष्कळ. म्हणून प्रत्येकाच्या मागे काहीतरी जोडावं लागतं. कुठे दाभाडे, कुठे ढमढेरे, कुठे दशासर. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या तळेगावाला श्यामजी पंत जोडले गेले. नागपूरहून अमरावतीला जाणारा हमरस्ता या गावावरून जातो. रात्रभर ट्रकांची घरघर असते, आणि संत्र्याच्या दिवसांत भरलेल्या पेट्यांचा वास रस्त्यावर रेंगाळतो.

त्या गावात एक शिंपी होते. नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. एसटी स्टँडच्या अंगाला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानात एक पायमशीन, एक पोपडे उडालेला आरसा आणि एक जड काळी कात्री. त्या कात्रीने कागद कापायची घरात कोणालाच परवानगी नव्हती. कोपऱ्यात खाकी कापडाची एक पिशवी टांगलेली असे. दिवसभरात जी कातरण निघे, ती संध्याकाळी त्या पिशवीत जाई. मास्तर कातरण फेकत नसत. वर्षाकाठी तिची एक गोधडी होई.

मास्तरांना एक नात होती. तिचे वडील ट्रकवर असत, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. आई दुकानात बसून काज-बटण आणि तुरपाई करी. नात मशीनखाली बसून वाढली. पायपट्टी वर-खाली होताना तिला झोप लागायची. जागी झाली की ती कातरणीतून रंग निवडायची आणि काडीच्या बाहुलीला गुंडाळायची.

पाचवीत गेल्यावर मास्तरांनी तिला शाळेचा निळा स्कर्ट शिवला. तो शिवताना त्यांनी खालच्या दुमडीत चार बोटं कापड ठेवलं आणि बाजूच्या शिवणींत दोन-दोन बोटं माया. पुढच्या जूनमध्ये त्यांनी दुमड उसवली, थोडी खाली सोडली, पुन्हा शिवली. त्याच्या पुढच्या जूनमध्ये तेच केलं. स्कर्ट मुलीबरोबर वाढत गेला. पण धुऊन धुऊन वरचा निळा रंग उडाला होता, आणि दुमडीतून बाहेर आलेला पट्टा पहिल्या दिवसाइतकाच गडद होता. शिवाय जुन्या टिपेची बारीक छिद्रांची रेष तशीच राहिली होती. आठवीत असताना स्कर्टवर असे दोन पट्टे होते, एकाखाली एक.

एका दुपारी वर्गातल्या एका मुलीने ते पाहिले आणि म्हणाली, "तुझा स्कर्ट झाडाच्या बुंध्यासारखा आहे. पट्टे मोजले की वर्षं कळतात."

वर्ग हसला. तीही थोडी हसली. घरी तिने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त मनाशी ठरवलं की आपण शिवलेल्या कपड्यावर कधी जुन्या टिपेची रेष दिसणार नाही.

बारावीनंतर ती नागपूरला एका कॉलेजात फॅशन डिझाइन शिकायला गेली. घरात आधी थोडी चर्चा झाली. शिवणकाम तर घरीच येतं, त्यासाठी पैसे काय भरायचे, असं तिच्या वडिलांना वाटत होतं. मास्तर एवढंच म्हणाले, "मले जे येते ते मी शिकवलं. जे येत नाही ते शिकू द्या तिले."

नागपूरला तिने मन लावून अभ्यास केला. कागदावर साचे काढायला शिकली. पुतळ्यावर कापड टाचून, त्याला पडू देऊन, ते कुठे झोल खातं आणि कुठे ताणतं ते पाहायला शिकली. धागा उभा, आडवा आणि तिरपा कसा वागतो ते शिकली. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत चार मुली चार कोपऱ्यांत शिवत बसत. कोणाच्या बोटात सुई जाई, कोणाचं बॉबिन ऐन वेळी संपे. ते दिवस तिला फार आवडत.

तिच्याकडे एक जाड वही होती. डोळ्यांना जे आवडेल ते ती त्या वहीत चिकटवी. संत्र्याची वाळलेली साल, लुगड्याच्या काठाचा तुकडा, उन्हात उडालेल्या एसटीच्या लाल रंगाची पेन्सिलीने केलेली नक्कल. बालगंधर्वांचं एक चित्र होतं, शालू नेसलेलं. त्यांच्या नेसणीकडे पाहून त्या काळच्या बायका आपली नेसण बदलत, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र भानू अथैया होत्या. त्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये, जन्म १९२९चा. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, मासिकांसाठी कपड्यांची चित्रं काढू लागल्या आणि १९५६च्या 'सी.आय.डी.'पासून चित्रपटांचे कपडे करू लागल्या. पुढे 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. मुलीला या गोष्टीत आणखी एक ओढ होती. सुटाबुटातल्या तरुण वकिलापासून पंचा नेसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत ज्या माणसाचा वेश त्या चित्रपटात बदलत जातो, तो माणूस १९३६ पासून तिच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला राहत होता. वर्ध्याचं मगन संग्रहालय गांधीजींनीच ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलं. कॉलेजच्या सहलीत तिने ते पाहिलं होतं. चरखे, टकळ्या, हाताने कातलेलं सूत. आपल्या जिल्ह्यातला कापूस, आपल्या जिल्ह्यातलं सूत, आणि त्या वेशाला जगाचं बक्षीस. हे सगळं एका पानावर मावत नाही असं तिला वाटे.

दुसऱ्या वर्षी कॉलेजात एक काम मिळालं. इतिहासातला एक प्रसंग निवडायचा आणि त्याचे रंगमंचावरचे कपडे करायचे.

तिने आष्टी निवडलं. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव होऊन आठवडा झाला होता. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला आसपासच्या गावांतून माणसं निघाली. गोळीबार झाला. निघालेल्यांतले काही परत आले नाहीत, आणि पोलीसही मेले. अजूनही त्या गावाच्या नावापुढे शहीद असं लिहितात. तळेगावातल्या मुलांना ही गोष्ट शाळेत शिकवावी लागत नाही. ती घरातच ऐकलेली असते.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा गावातल्या शाळेच्या गुरुजींना हे कळलं. ते म्हणाले, "पुढच्या नागपंचमीला आम्ही मुलांचं नाटक बसवतोय. आमच्याच मुलांची मापं घे. तुझं कॉलेजचं कामही होईल आणि आम्हाला कपडेही मिळतील."

तिने सात मुलांची मापं घेतली, प्रत्येकाचं दोनदा. मुख्य काम नववीतल्या एका मुलाचं होतं. झेंडा घेऊन तोच पुढे चालणार होता. काटकुळा होता, गुडघे आणि कोपरच जास्त दिसायचे.

ती वर्ध्याहून खादी घेऊन आली. कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात ठेवलं, वाळवलं, पुन्हा भिजवलं. खादी पहिल्या पाण्यात आटते हे तिला ठाऊक होतं. किती आटली ते तिने फूटपट्टीने मोजून वहीत लिहिलं. त्या काळचे जेवढे फोटो मिळाले तेवढे समोर ठेवले. सदऱ्याची कॉलर, गुंड्या, टोपीची उंची, धोतराचा काष्टा, शिपायांच्या पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या, सगळं त्यात पाहून केलं. फोटोत माणसं रांगेत उभी होती. हात खाली सोडलेले, नजर समोर.

मास्तर बाजूला बसून पाहत होते. त्यांना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. पण कात्रीच्या आवाजावरून त्यांना कळे की कापड बरोबर कापलं जातंय की चावलं जातंय. नातीची कात्री चांगली चालत होती. ते समाधानाने मान हलवत होते. मग त्यांनी तिला शिवणीच्या कडा छाटताना पाहिलं.

"माया किती ठेवली व?"

तिने करंगळीचं नख दाखवलं.

"एवढीच?"

"आबाजी, कॉलेजात कपडा उलटा करून पाहतात. आत शिवण फुगलेली चालत नाही. आतून पण बाहेरच्यासारखं साफ लागतं."

"पोट्टं नववीत हाये," मास्तर म्हणाले.

"मापं मी दोनदा घेतली आहेत. बरोबर आहेत."

"मापं बरोबरच असतात, माय. ज्या दिवशी घेतली त्या दिवशीची."

ती हसली आणि छाटत राहिली. छाटलेल्या पट्ट्या जमिनीवर पडल्या, आणि साचे कापून उरलेले खादीचे लहान-मोठे तुकडे. संध्याकाळी मास्तरांनी वाकून सगळं गोळा केलं आणि खाकी पिशवीत टाकलं.

नागपूरला तिच्या कामाचं कौतुक झालं. सदरा पुतळ्यावर असा बसला होता की जणू त्याच्याच अंगावर विणला आहे. बाईंनी तो उलटा करून वर्गाला दाखवला. आत कुठे दोरा लोंबत नव्हता, कुठे कड दिसत नव्हती. त्या रात्री तिला शाळेतली ती दुपार आठवली, पण आता ती बोचली नाही.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. कपडे ट्रंकेत घडी घालून पडले होते. श्रावण लागला तशी ती ट्रंक घेऊन तळेगावला उतरली.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या ओसरीत तालीम होती. बाहेर पावसाची झड लागली होती. मुलं आली. शिपाई झालेल्या मुलांना खाकी कपडे आले. कोणाला थोडे आखूड, पण चालतील असे. मग झेंडेवाला मुलगा आला, आणि ती पाहतच राहिली. दिवाळीत तो तिच्या कपाळाला लागत होता. आता त्याच्याशी बोलताना तिला मान जरा वर करावी लागली. ओठावर बारीक लव आली होती. आवाज फुटला होता. काटकुळ्या अंगाला खांदे आले होते.

नऊ महिन्यांत मुलगा वाढला होता. यात कोणाची काही चूक नव्हती.

सदरा गळ्यातून गेला. खांद्यावर ओढला गेला. गुंड्या कशाबशा लागल्या. मुलगा श्वास धरून उभा राहिला. गुरुजी म्हणाले, "झेंडा वर कर." त्याने हात वर केला.

काखेतून टर्रकन आवाज आला.

मुलं हसली. मुलगा ओशाळून हात खाली घेऊन उभा राहिला. आणि ती, ट्रंकेशी गुडघे टेकून बसलेली, एकदम आठवीच्या वर्गात जाऊन पोचली. तेच हसू होतं. त्या वेळी ते तिच्यावर होतं. आज तिच्या हातून ते दुसऱ्या मुलाच्या वाट्याला आलं होतं.

ती सदरा घेऊन दुकानात आली. दिव्याखाली उलटा केला. शिवण उसवून पुन्हा मारावी म्हटलं तर मारायला काही नव्हतंच. नखाएवढी कड होती, ती ताणाने विरून गेली होती. हातसुताची खादी, तिचे धागे एकेक करून सुटत होते. दोन्ही बगलांची तीच गत. वर्ध्याहून नवं कापड आणायला वेळ नव्हता. नाटक सकाळी नऊला होतं.

खादी किती आटेल याचा हिशेब तिने वहीत लिहिला होता. मुलगा किती वाढेल याचा लिहिला नव्हता.

मास्तर खाटेवर बसले होते. त्यांनी सदरा हातात घेतला, बोटांनी चाचपला. त्या दिवशी मी काय म्हटलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी आपला हात वर केला.

"हे पाय," ते म्हणाले.

त्यांच्या अंगात त्यांची नेहमीची बंडी होती. काखेत, बाही आणि अंग जिथे जुळतं तिथे, कापडाचा एक चौकोन लावलेला होता. टोकावर उभा केलेला, शंकरपाळ्यासारखा. ही बंडी ती जन्मापासून दोरीवर वाळताना पाहत आली होती.

"चौबगला," मास्तर म्हणाले. "जुन्या कपड्याले असतेच. नांगर धरा लागे, मोट हाका लागे, झाडावर चढा लागे. हात वर केला का अंगरखा वर नाही आला पायजे."

फोटोतल्या माणसांचे हात खाली होते. काख कोणाचीच दिसत नव्हती. तिने तिथे जोड असेल असा विचारही केला नव्हता.

"पण आबाजी, खादी कुठून आणू आता?"

मास्तरांनी कोपऱ्यातल्या पिशवीकडे बोट दाखवलं.

तिने पिशवी जमिनीवर ओतली. ब्लाउजपीसांचे तुकडे, अस्तराच्या पट्ट्या, कुणाच्या पडद्याची झालर. त्यात दिवाळीतली खादीही होती, तिने कापलेली, तिने छाटलेली. यंदाच्या गोधडीला अजून हात लागला नव्हता. ती एकेक तुकडा वेचून उजेडात पसरत गेली. मोठा एकही नव्हता. हाताच्या पंजाएवढे होते, चार बोटं रुंद पट्ट्या होत्या.

"शिव तू," मास्तर म्हणाले. "माह्या डोयाले आता दिसत नाही. मी सांगतो."

रात्री लाईट गेली. पायमशिनीला लाईट लागत नाही. आईने मोबाइलचा उजेड धरला. तिने दोन्ही बगलांच्या शिवणी खालपर्यंत उसवल्या. पट्टीला पट्टी जोडून काखेपासून घेरापर्यंत लांब जोड तयार केले. पंजाएवढ्या तुकड्यातून दोन चौबगले कापले. पहिला तिच्याकडून वाकडा बसला. चौकोनाचे चार कोपरे चार शिवणींत घुसवायचे असतात, आणि एक कोपरा जरी ओढला गेला तरी काख चुणते. मास्तरांनी बोट फिरवून सांगितलं, उसव. तिने उसवलं. त्याच्या जागी नवा कापून बसवला, तेव्हा ते काही बोलले नाहीत. मशीन चालवणाऱ्यांच्या घरात न बोलणं ही शाबासकी असते.

"या जोडालेई माया ठेव," थोड्या वेळाने ते म्हणाले. "दोन बोटं."

तिने ठेवली.

मध्यरात्र उलटून गेली होती. मशीन थांबवून ती म्हणाली, "आबाजी, माझ्या शाळेच्या स्कर्टवर पट्टे दिसायचे. आठवतात?"

"न आठवाले काय झालं."

"मला त्यांची फार लाज वाटायची."

मास्तर गप्प राहिले. रस्त्यावरून एक ट्रक गेला, पत्रा थरथरला.

"मले माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मले वाटे तुलेई चांगलं वाटत असंन. दर जूनले तो स्कर्ट उसवाले घेतला का मी टेप लावून पाहो. यंदा दीड इंच वाढली. यंदा दोन इंच. तुह्या आईले हाक मारून सांगो. घरात पोट्टी वाढत हाये, यापरीस मोठं काय असते? नवा शिवाले पैसे नव्हते हे तर खरंच. पण उसवताना मले कधी गरिबी वाटली नाही, माय. मले सणावानी वाटे."

आईच्या हातातला उजेड जरा हलला. मुलीने मान खाली घातली आणि पुन्हा पायपट्टीवर पाय ठेवला.

सकाळी पाऊस उघडला होता. शाळेच्या पटांगणात ताडपत्री बांधली होती. गावातली माणसं आली, आष्टीकडची काही म्हातारी माणसं मुद्दाम बोलावून आणली होती. नाटक वीस-पंचवीस मिनिटांचं. लहान मुलांनी करावं तसं त्यांनी ते केलं. कोणी ओळ विसरला, कोणी हसू दाबलं. शेवटी तो मुलगा झेंडा घेऊन पुढे आला. त्याने हात वर केला, अगदी सरळ, कानाला लागेपर्यंत, आणि तसाच धरून ठेवला. सदरा जागचा हलला नाही. पटांगणात कोणी बोललं नाही.

नाटक संपल्यावर एका म्हातारीने त्या मुलाला जवळ बोलावलं. ऐंशीच्या पुढची असावी. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो बगलेपाशी आला तेव्हा थांबला. बोटांना जोड लागला होता. तिने ती शिवण वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिली.

"जोड देला का व?" तिने विचारलं.

मुलगी पुढे झाली. "हो आजी. रात्री दिला. कापड पुरलं नाही."

"माह्या बापाच्या सदऱ्याले असेच होते," म्हातारी म्हणाली. "लढाईचे दिवस. कापड महाग. माय रातभर जोडत बसे." आणि तिने तो हात काही वेळ तिथेच ठेवला.

मुलीने इतके फोटो पाहिले होते. या जोडाबद्दल एकाही फोटोने तिला सांगितलं नव्हतं.

नागपूरला परत गेल्यावर तिने वहीत एक नवं पान उघडलं आणि त्यावर तो वाकडा बसून उसवलेला पहिला चौबगला चिकटवला. पहिल्या पानासमोरच. पुढच्या सबमिशनला तिने शिवणीत दोन बोटं माया ठेवली, आणि तिच्या कडा अशा निगुतीने बंद केल्या की आतली बाजूही पाहण्यासारखी झाली. त्याला तिला दुप्पट वेळ लागला. बाईंनी कपडा उलटा केला आणि विचारलं, "एवढं कापड आत का?" ती म्हणाली, "ज्याने घालायचं आहे त्याच्यासाठी." बाईंनी बोटाने मोजून पाहिलं आणि मान डोलावली.

नंतरच्या सुट्टीत ती एका नाटक मंडळाच्या कपडेपटात कामाला राहिली. तिथे तिने जुने कोट आणि अंगरखे उलटे करून पाहिले. आत भरपूर माया होती, आणि जुन्या टिपांच्या रेषा होत्या, एकीशेजारी एक. नाटक तेच राहतं, नट बदलतात. कोणी जाड असतो, कोणी सडपातळ. प्रत्येकासाठी कोट कधी सोडला होता, कधी घेतला होता. तिने एका कोटावरच्या रेषा मोजल्या. चार होत्या. चार माणसं त्या कोटातून राजा झाली होती.

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या मराठीत माया म्हणतात. हा शब्द कोणा जुन्या शिंप्याने दिला असेल, की घरातल्या बाईने, ते ठाऊक नाही. पण ज्याने दिला त्याने तो उगाच दिला नसावा. कारखान्यात हजारो कपडे एका मापाने कापतात, तिथे बोटभर कापड वाचलं तरी मोठी बचत होते. तिथे घालणारा माणूस समोर नसतो, त्यामुळे तिथली शिवण जेमतेम असते. घरात तसं नसतं. घरात माणूस समोर असतो, आणि तो उद्या आजच्याएवढा राहणार नाही हे शिवणाऱ्याला माहीत असतं. मुलांना वाढवताना, शिकवताना, सून घरी आणताना, म्हाताऱ्यांना सांभाळताना आपण आजचं माप बरोबर घेतो आणि कडा छाटून मोकळे होतो. मग कोणी हात वर केला की फाटतं, आणि आपण त्या हाताला बोल लावतो.

मास्तर आता दुकानात बसत नाहीत. दुकान मुलीची आई चालवते. खाकी पिशवी तिथेच टांगलेली आहे.

तो सदरा शाळेच्या पेटीत आहे. झेंडेवाला मुलगा दहावी होऊन गेला. त्याच्यानंतर तिघांनी तो घातला. दोघांना तो आत घ्यावा लागला, एकाला एक बोट सोडावा लागला. अजून एक बोट शिल्लक आहे.